हातची मायनिंग, पळती कम्प्युटर: मानेवाड्याच्या एका ॲडमिशनचं प्रकरण

मानेवाडा रिंग रोडला माझं ऑनलाइन सेंटर आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड वर्षभर चालतं, पण मे ते ऑगस्ट फक्त ॲडमिशन. दर मोसमात साठ-सत्तर पोरांचे इंजिनिअरिंगचे फॉर्म या टेबलावरून जातात आणि बहुतेक घरं अर्ध्या तासात उठतात. २०२५ मध्ये एक घर सहा वेळा आलं. त्यांच्या परवानगीनं ते प्रकरण लिहितोय. नावं गाळली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

वडिलांचं सक्करदऱ्याला मोटार वाइंडिंगचं दुकान. आई घरी ब्लाउज शिवते. उत्पन्नाचा दाखला ४ लाख ८० हजारांचा, प्रवर्ग ओबीसी, नॉन-क्रिमी लेअर काढलेलं. मुलगी बारावी झालेली, सीईटीला ९३ पर्सेंटाइलच्या वर, जेईई मेनमध्ये त्याहून जरा खाली. धाकटा भाऊ नववीत. आणि सोबत मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी), सिलेवाड्याच्या भूमिगत खाणीत ओव्हरमन, म्हणजे देखरेख करणारे, होते, आता निवृत्त. घरात शेवटचा शब्द त्यांचा, हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं, कारण खुर्ची एकच होती आणि ती त्यांना मिळाली.

मुलीला कम्प्युटरच करायचं होतं, त्यात वाद नव्हता. वाद होता कुठून, यावर. वडिलांचं पहिलं वाक्य होतं, "भाऊ, कॉलेज नाही, युनिव्हर्सिटीच पाहून द्या. कॉलेजपेक्षा युनिव्हर्सिटी मोठी राहते ना?"

हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. नागपुरात या शब्दाचा पार गुंता झाला आहे. आपलं जुनं नागपूर विद्यापीठ १९२३ चं, आताचं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. शहराभोवतीची बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजं त्याला संलग्न. त्यातली काही स्वायत्त, म्हणजे अभ्यासक्रम नि परीक्षा कॉलेजच्या, पण पदवीवर शिक्का नागपूर विद्यापीठाचाच. व्हीएनआयटी, म्हणजे नागपूरची एनआयटी, १९६० ची, जुने नागपूरकर अजून व्हीआरसीईच म्हणतात. तिच्या नावात विद्यापीठ नाही, तरी ती संसदेच्या कायद्यानं स्वतःची पदवी देते. वारंग्याची ट्रिपल आयटी २०१६ ची, तिचंही तसंच. आणि आता खासगी विद्यापीठं आली. काटोल रोडचं रामदेवबाबा कॉलेज १९८४ चं, ते २०२४ साली विद्यापीठ झालं. म्हणजे पाटीवरच्या शब्दावरून लहान-मोठं ठरत नाही. फक्त पदवी कोण देणार आणि पैसे कोण भरणार एवढं बदलतं.

यातलं दुसरं या घरासाठी फार मोठं निघालं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं शासन निर्णय काढला: आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. त्याआधी ओबीसीला निम्मं होतं. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश फेऱ्यांतून, झालेला हवा. आणि त्याच ओळीत पुढे कंस आहे: खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. या कंसावर मी पिवळा हायलायटर फिरवून प्रत वडिलांच्या हातात दिली. खासगी विद्यापीठाचे वर्षाला दोन लाख धरले तर चार वर्षांत आठ लाख, तेही होस्टेल न घेता. संलग्न कॉलेजात शिकवणी शुल्क शून्य. विकास शुल्क, बस, पुस्तकं तेवढी घरची. वडिलांनी कागद दोनदा वाचला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. युनिव्हर्सिटीचा विषय त्या घडीत गेला. पुण्याचं एक कॉलेजही चर्चेत होतं, ते आईनं एका वाक्यात संपवलं: होस्टेलची माफी कोण देणार?

खरा पेच इथून पुढे. जोसाच्या, म्हणजे जेईईवरून एनआयटी-ट्रिपल आयटीत प्रवेश देणाऱ्या केंद्राच्या, फेऱ्यांत मुलीला व्हीएनआयटी लागली होती, पण ब्रँच मायनिंग.

यात माझी चूक आहे, ती आधी सांगतो. जोसाची यादी भरताना "लांब यादी असू द्या, काही बिघडत नाही" असं मीच म्हणालो होतो. एनआयटीत निम्म्या जागा राज्यातल्या पोरांसाठी, मुलींसाठी वेगळ्या जागा, म्हणून व्हीएनआयटीच्या सगळ्या ब्रँचेस टाकल्या. कम्प्युटर लागणार नाही हे आकड्यांवरून दिसत होतं. ट्रिपल आयटीत तर राज्याचा कोटाच नाही, तिथं देशभराशी गाठ. मायनिंग आम्ही यादी भरायला म्हणून टाकली, आणि नेमकी तीच हाती आली. फ्लोट करून ठेवलं, म्हणजे जागा धरून वरच्या पर्यायाची वाट पाहिली, पुढच्या फेऱ्यांत वर काही सरकलं नाही. जोसाची शेवटची फेरी जुलैच्या मध्याला, माघार घ्यायची ती त्याआधी. राज्याच्या कॅपची पहिली यादी जुलै सरता सरता. म्हणजे व्हीएनआयटी सोडायची की ठेवायची हे कॅपमध्ये काय मिळणार हे कळायच्या आधी ठरवायचं. मोठेबाबांनी म्हण फेकली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारे आम्ही लई पाहिले."

अशा वेळी मी सहसा "नावापेक्षा ब्रँच बघा" हे पाठ केलेलं वाक्य म्हणतो. मोठेबाबांपुढे ते चाललं नाही. त्यांची बाजू नुसत्या नावाच्या मोहाची नव्हती, हे लिहायलाच हवं. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय नागपुरात, वेकोलिचं नागपुरात, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचं नागपुरात. पोरीला नोकरीसाठी बंगळुरूची वाट धरायची गरज नाही. बाई माणूस खाणीत कसं, असं वडिलांनी चाचरत विचारलं तर मोठेबाबाच उखडले. भूमिगत खाणीत बायकांना बंदी होती ती २०१९ मध्ये उठली, तांत्रिक आणि देखरेखीच्या कामावर सकाळी सहा ते संध्याकाळी सात त्या खाली उतरू शकतात, हे त्यांनी तोंडपाठ सांगितलं. आणि खर्च? एनआयटीचं शिकवणी शुल्क वर्षाला सव्वा लाख, पण एक ते पाच लाख उत्पन्न असलेल्या घराला दोन तृतीयांश माफ. म्हणजे ४१ हजार ६६७ रुपये. ४ लाख ८० हजारांचं घर त्यात बसत होतं. "कोळसा काय उद्या संपून राहिला का? अन् कम्प्युटरवाले पाहा, गल्लोगल्ली."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, उद्या या, दोन्हीकडचे अभ्यासक्रम छापून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी टेबलावर दोन गठ्ठे. डावीकडे मायनिंगचा, उजवीकडे हिंगणा रोडवरच्या एका स्वायत्त कॉलेजच्या कम्प्युटरचा. पहिलं वर्ष सगळ्यांना थोडंफार सारखंच, म्हणून मुलीला म्हटलं, तिसऱ्या सेमिस्टरपासून वाच, विषयांची नावं मोठ्यानं. तिनं मायनिंगचे वाचले: माइन सर्व्हेइंग, रॉक मेकॅनिक्स, ड्रिलिंग-ब्लास्टिंग, व्हेंटिलेशन. व्हेंटिलेशनला मोठेबाबांनी थांबवलं. सेफ्टी लॅम्पची वात बारीक करून ज्योतीवर निळी टोपी किती चढते ते पाहून गॅस कसा ओळखायचा, हे त्यांनी हातानं दाखवलं. वीस मिनिटं कोणी मध्ये बोललं नाही. मुलगीही रंगून ऐकत होती. मला वाटलं, झालं, ठरलं.

मग तिनं उजवा गठ्ठा ओढला. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क्स. डेटाबेसवर थांबून म्हणाली, "मोठेबाबा, हे मी केलं आहे थोडं. बाबांच्या डायऱ्यांचं."

वाइंडिंगवाल्याची डायरी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जळालेली मोटर आली की जुनी तार काढताना सगळं मोजून लिहितात: किती एचपी, किती स्लॉट, एका कॉइलला किती टर्न, तार कोणत्या गेजची, पिच किती. पुढे तशीच मोटर आली की डायरीतून नोंद शोधायची. यांच्याकडे अशा अकरा वर्षांच्या डायऱ्या, तेलाचे डाग पडलेल्या. पोरीनं अकरावीच्या सुट्टीत सेकंडहँड लॅपटॉपवर त्या सगळ्या चढवल्या आणि पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. एचपी आणि स्लॉट टाकला की नोंद समोर.

"पण एक घोळ झाला," ती सांगू लागली. एकाच मेकची, तेवढ्याच एचपीची, तेवढ्याच स्लॉटची मोटर, आणि डायरीत टर्न दोन वेगळे. तिला वाटलं लिहिताना चुकलं. आठ-दहा ठिकाणी तसंच निघाल्यावर तिनं बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, चूक नाही. ती शेतावरची मोटर होती, तिकडे व्होल्टेज पडतं, म्हणून टर्न कमी दिले. हे डायरीत कुठेच लिहिलेलं नव्हतं, बाबांच्या डोक्यात होतं. तिनं मग व्होल्टेजचा वेगळा रकाना केला आणि संध्याकाळ-संध्याकाळ बसून प्रत्येक नोंदीला विचारत गेली, हे गाव कोणतं, गिऱ्हाईक कोण.

मी स्वतः याच धंद्यातल्या एका डिग्रीचा आहे. आपल्या विद्यापीठाची बीसीसीए. एका कॉलेजच्या पाटीवर 'कम्प्युटर' मोठ्या अक्षरात पाहून प्रवेश घेतला. पदवी वाणिज्य शाखेची आहे याचा अर्थ एमसीएचा फॉर्म भरायला गेलो तेव्हा कळला, कारण बारावीला गणित नव्हतं. तेव्हा कोणी समोर गठ्ठे ठेवून वाचायला लावलं असतं तर बरं झालं असतं. ते जाऊ द्या. पण माहिती का जुळत नाही याचा माग काढत एक पोर महिनाभर बसते, तिला कम्प्युटरची आवड आहे का, हे मी परत विचारणार नव्हतो. मोठेबाबांनीही विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "मग पळतं किती जोरात पळून राहिलं ते पाहा पहिले."

हा मात्र कामाचा प्रश्न होता. मागच्या दोन वर्षांच्या कॅपच्या कटऑफ याद्या उघडल्या. लोक तिथं पहिली ओळ, खुल्या प्रवर्गाची, पाहतात आणि घाबरतात. आपली ओळ शोधायची असते. जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव, पुढे प्रवर्ग. हिला एलओबीसी आणि जीओबीसी दोन्ही लागू, शिवाय खुल्या ओळी आहेतच. नागपुरातले आठ पर्याय काढले. दोन्ही वर्षांची तुलना केल्यावर सहा ठिकाणी ती आरामात आत होती, दोन ठिकाणी काठावर. पळतं फार जोरात पळत नव्हतं. सहाव्या फेरीच्या आधी व्हीएनआयटीतून माघार घेतली. बटण मुलीनंच दाबलं. मोठेबाबा तेव्हा दुकानाबाहेर चहा पीत उभे होते.

आणि दहा-बारा दिवसांनी, ऑप्शन फॉर्मच्या दिवसांतच, टीसीएसनं जाहीर केलं की सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करणार. मिहानमध्ये टीसीएसची इमारत आहे, नागपुरात ही बातमी परकी राहत नाही. मोठेबाबांनी कात्रण व्हॉट्सॲपवर टाकलं, खाली काही लिहिलं नाही. आईनं मला फोन केला, "दादा, आपलं चुकलं तं नाही ना?" मी म्हणालो, ज्यांना काढतायत त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त आहेत, आणि ही २०२९ ला बाहेर पडणार. तेव्हा काय असेल हे मला नाही सांगता येणार. तेच खरं होतं.

उरला यादीचा क्रम. इथं मला जरा रेंगाळायचं आहे, कारण पोरं नासतात ती इथं.

त्या वर्षी कॅपच्या चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत यादीतला पहिला पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातला कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातला. लोक 'जे मिळेल ते वर' टाकतात. मागे एका पोराच्या बाबतीत असंच झालं: घराजवळचं, नक्की मिळणारं कॉलेज पहिलं टाकलं, पहिल्याच फेरीत लागलं, फ्रीझ झालं, आणि ज्या कॉलेजात तो सहज बसत होता त्याच्या जागा दुसऱ्या फेरीत त्याच्याहून कमी गुणांवर गेल्या. कॉम्प्युटर तुमच्या मनातलं ओळखत नाही, वरून खाली वाचतो. जे खरंच हवं ते वर, मग मिळो न मिळो.

हिच्यासाठी वर काय टाकायचं? पैशांचा हिशेब बाजूला झाल्यामुळे सरकारी की खासगी या भेदातली हवा निघून गेली होती, शिकवणी शुल्क दोन्हीकडे शून्यच. न्यू खापरीचं शासकीय अभियांत्रिकी आणि हिंगणा रोडचं ते स्वायत्त कॉलेज, दोन्ही ती आईसोबत पाहून आली. मी तिला तीन कामं दिली होती. एक, एनबीए ही दर्जाची मान्यता कॉलेजच्या पाटीवर नाही, ब्रँचच्या नावासमोर पाहायची. नॅक संस्थेला मिळतं, एनबीए एकेका ब्रँचला, आणि दोन तुकड्या पास होऊन बाहेर पडेपर्यंत नव्या ब्रँचला ते मागताच येत नाही. त्यामुळे मेकॅनिकलच्या एनबीएच्या जोरावर कालच्या एआयच्या ब्रँचची जाहिरात चालते. दोन, 'सर्वाधिक पॅकेज' वाचायचं नाही. एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या कॉलेज क्रमवारीला, कॉलेजांनी दिलेल्या तक्त्यात किती पास झाले, किती लागले आणि मध्यक पगार किती, ते पाहायचं. तीन, कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलीला गाठून विचारायचं: मागच्या आठवड्यात किती प्रॅक्टिकल खरंच झाली?

तिसऱ्या कामानं बरंच ठरलं. स्वायत्त कॉलेजातल्या एका मुलीनं स्वतःची प्रॅक्टिकलची वही काढून दाखवली, तारखांसकट. शिवाय तिथल्या कम्प्युटर ब्रँचला एनबीए होतं.

नव्या नावांच्या ब्रँचेसचं काय, यावर एक रात्र गेली. एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर. वडिलांना एआय हवं होतं, जमाना त्याचाच म्हणून. आम्ही त्याच कॉलेजच्या कम्प्युटर आणि एआयच्या अभ्यासक्रमांत सारखे विषय पेन्सिलनं खोडत गेलो. पाचव्या सेमिस्टरपर्यंत डाव्या-उजव्या कागदावर उरलं फार थोडं. एआयकडे कम्पायलर नव्हतं, कम्प्युटरकडे एआयचे विषय ऑनर्स म्हणून घेता येत होते. मुलगी म्हणाली, मग साधं कम्प्युटरच वर. मलाही तेच पटलं, पण मी बोललो नव्हतो.

क्रम असा लागला: पहिलं स्वायत्त कॉलेजचं कम्प्युटर, दुसरं शासकीयचं कम्प्युटर, तिसरं स्वायत्त कॉलेजचंच आयटी, मग एआय, मग बाकीची. पहिल्या फेरीत तिसरं, आयटी लागलं. सीट स्वीकारली, फ्रीझ केली नाही, बेटरमेंटला ठेवली. दुसऱ्या फेरीआधी वडिलांनी भीतीनं विचारलं, यादी बदलायची का? आता पहिल्या तिनातलं काहीही आलं तरी ते बांधलं जाणार होतं. तिन्ही चालणार होती, म्हणून हात लावला नाही. दुसऱ्या फेरीत कम्प्युटर आलं.

प्रवेशाच्या दिवशी एका खिडकीवर बाबूनं पूर्ण फी आधी भरा, माफी नंतर बघू, असं सांगितलं. वडिलांनी शर्टाच्या खिशातून ती घडी काढली. हायलायटर थोडा पसरला होता, पण ओळ वाचता येत होती. अर्ध्या तासानं उरलेल्या शुल्काचीच पावती फाटली. जात पडताळणी प्रमाणपत्र आधीच हातात होतं म्हणून बरं. दीक्षाभूमी चौकातल्या सामाजिक न्याय भवनाच्या खेपा आईनं अकरावीतच उरकल्या होत्या. जोसासाठी मात्र ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला, त्याच वर्षी एप्रिलनंतरचा दाखला लागला. त्यासाठी धावपळ झाली, आणि तो दाखला आता फाइलमध्ये नुसता पडून आहे.

सप्टेंबरात महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, फॉर्म भरायला सगळे पुन्हा आले. सहावी खेप. मोठेबाबांना खुर्ची दिली. मुलीनं फॉर्म स्वतः भरला, मी फक्त स्कॅनर चालवला. वडील धाकट्याला पुढे करून म्हणाले, "अन् याच्या वेळी?"

मुलाला ही माफी नाही, ओबीसीच्या मुलाला निम्मीच. टीएफडब्ल्यूएस म्हणून पाच टक्के वाढीव जागा असतात, आठ लाखांच्या आतल्या घरांसाठी, शिकवणी शुल्क माफ. पण त्यांचा चॉइस कोड वेगळा आणि कटऑफ बराच वर. नववीतलं पोरगं माझ्या लॅमिनेशन मशीनशी खेळत होतं. मी मागच्या वर्षीची टीएफडब्ल्यूएसची यादी उघडली आणि स्क्रीन वडिलांकडे वळवली.